पाचव्या डिस्कवरचं गंध

माझी आई सांगलीत शेजारणींना सांगते, की आमचा मुलगा चेन्नईला एका मोठ्या थंड खोलीत मशिनींची राखण करतो. सुरुवातीला मी चिडायचो. आता वाटतं, माझ्या नेमणूकपत्रात इंग्रजीत जे दीड पान लिहिलंय त्यापेक्षा हे वर्णन खरं आहे. फक्त 'राखण' हा शब्द तिनं माझ्याबाबतीत फारच मोठ्या मनानं वापरलाय.

खोली शहराबाहेर, सिरुसेरीला. बाहेर शर्ट पाठीला चिकटतो, आत नाक गळतं. ओळीनं बारा लोखंडी कपाटं उभी आहेत, त्यांना रॅक म्हणायचं. प्रत्येक रॅकमध्ये ड्रॉवरसारखे एकावर एक सरकवलेले सर्व्हर, प्रत्येक सर्व्हरच्या तोंडाशी आठ डिस्क, आणि प्रत्येक डिस्कला मुगाच्या दाण्याएवढा एक दिवा. दिवा हिरवा असला की सगळं ठीक. पिवळा झाला की ती डिस्क गेली. एक गेली तर उरलेल्या सात मिळून तिचं काम ओढतात, तेवढ्यात आपण नवी बसवायची. न बसवता दुसरीही गेली, तर खेळ खलास. हे समजायला मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं.

दिवा पिवळा झाल्याचं कळावं म्हणून तीन सोयी होत्या. पहिली, सर्व्हर स्वतःच कर्कश शिट्टी वाजवायचा. ती शिट्टी मॅनेजरांच्या केबिनपर्यंत जायची आणि त्यांच्या महत्त्वाच्या बोलण्यात व्यत्यय यायचा, म्हणून ती कायमची बंद केली. दुसरी, सर्व्हर ईमेल पाठवायचा. पण तो इतका रडका, की पंख्याला जरा धाप लागली तरी ईमेल. तेव्हा आम्ही सहाही इंजिनिअरांनी आपापल्या मेलबॉक्समध्ये नियम लावून ती सगळी रडारड परस्पर एका फोल्डरात वळवली. माझ्या फोल्डरचं नाव 'मग बघू' असं होतं. उरली तिसरी सोय. ती म्हणजे काका.

काका एका एजन्सीमार्फत कंत्राटावर होते. साठीला टेकलेले, तंजावरकडचे मराठी, खोली उघडली त्या दिवसापासून तिथेच. सकाळी दहाला आणि दुपारी चारला ते रजिस्टर काखेत मारून बाराही रॅकसमोरून एकेक दिवा बघत जायचे. खालचे दिवे पाठ वाकवून, वरचे दिवे चष्मा कपाळावर चढवून. कंत्राटी माणसानं फक्त बघायचं, मशीनला हात लावायचा नाही, असा कंपनीचा कडक नियम. काही करावंसं वाटलं तर रजिस्टरातल्या शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, आणि कंपनीच्या माणसानं वाचून, 'करा' असं लिहून, खाली सही करून परवानगी द्यायची. कंपनीचा माणूस मी.

मी नवीन असताना आईशी फोनवर बोलत होतो, तर हे मागे येऊन उभे.

"तुम्हीं मराठी काय? कोठले?"

"सांगलीचा."

"आमचेहि लोक तिकडूनच आले म्हणतात," ते म्हणाले. "कधीं, तें कोणास ठाऊक."

त्यांची मराठी ऐकून मला आधी हसूच फुटलं. शब्द जुन्या पोथीतले आणि चाल तमिळ. मधेच 'सरी', मधेच 'अय्यो'. माझ्या चार वाक्यांत तीन इंग्रजी शब्द असायचे, पण ते मला ऐकू येत नव्हते. काकांना मात्र काय आनंद झाला! घरात बायकोशी सोडून त्यांना कुणाशी मराठी बोलायला मिळत नव्हतं, मुलं तमिळमध्ये उत्तरं द्यायची. दुसऱ्या दिवसापासून ते रजिस्टरातले शेरे मराठीत लिहायला लागले. वडिलांनी लहानपणी बळेच गिरवून घेतलेली बाळबोध अक्षरं, एकेक काना मोजून मारलेला.

"एवढीं वर्षें इंग्रजींत लिहिलें," म्हणाले. "आतां वाचणारे आलेत."

"वा काका, क्या बात है!" मी म्हणालो. आणि त्या दिवसापासून मी त्यातली एक ओळही वाचली नाही. साडेचारला रजिस्टर समोर यायचं, मी एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं सही ठोकायचो, कारण पाचची बस चुकली की वेलचेरीला घरी पोचेपर्यंत शेअर ऑटोत तिघांच्या जागेवर पाचवा म्हणून बसायला लागतं. याला आमच्याकडे पाट्या टाकणं म्हणतात. मी उत्तम पाट्या टाकायचो, मला सलग दोन वर्षं चांगला शेरा मिळाला होता.

तर आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी चेन्नईत रिक्षापासून लिफ्टपर्यंत जे जे हलतं त्याला गंध लागतं, मग सर्व्हरनं काय पाप केलंय? आमच्या ऑफिसात दरवर्षी साग्रसंगीत असतं. खोलीत धूर झाला तर आग विझवायचा गॅस सुटेल म्हणून कापूर बाहेर कॉरिडॉरमध्ये, पण बाकी सगळं आत. केळीचे खांब दाराला, चुरमुरे, डाळं, गूळ, आणि रस्त्यावर फोडायला कोहळा. जमिनीच्या जाळीतून थंड हवा वर येते, तिच्यावर दोन चुरमुरे तरंगत होते आणि मॅनेजर हात जोडून त्यांच्याकडेच बघत होते.

गंध लावायचं काम काकांचं. ते दरवर्षी रॅकच्या दाराच्या चौकटीला, वरच्या कोपऱ्यात, चंदनाचा एक ठिपका आणि त्यावर कुंकू लावायचे. मशीनला कधीच नाही. त्या वर्षी माझ्या अंगात काय संचारलं होतं कुणास ठाऊक. मी वाटी त्यांच्या हातातून घेतली.

"काका, आमच्याकडे थेट हत्यारालाच गंध लावतात. दाराला कसलं लावताय?"

"दाराला पुरे," ते म्हणाले. "आंत दिवे आहेत."

"अहो, काही होत नाही!"

हे वाक्य मी माझ्या आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा काहीतरी झालंय. पण समोर सगळं ऑफिस उभं, मॅनेजर फोटो काढतायत, आणि मी सांगलीचा, खंडेनवमीचा जाणकार! दारं उघडली आणि एकेका सर्व्हरच्या कपाळावर ठसठशीत टिळे लावत सुटलो. चौथ्या रॅकमध्ये वरून तिसऱ्याला लावताना बोटावरचा गोळा जरा जास्त झाला आणि पाचव्या डिस्कवर बसला. मी कुंकू दाबलं आणि पुढे गेलो. काका दोन पावलं मागे, ताट धरून उभे होते.

आता पूजेचं गंध कुणी पुसत नाही. ते आपोआप वाळून गळून पडायचं असतं. मोटारींवर तीन-तीन महिने राहतं, इथे तर पाऊस नाही, धूळ नाही, वाराही गाळून येतो. पूजेनंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी मी बॅग खांद्याला लावून निघालो असताना काका म्हणाले, "त्या गंधाचें काय करावें?"

"रजिस्टरात लिहा ना काका, बघतो मी," मी म्हणालो आणि बस गाठली. काय कामाचा माणूस! सगळं कसं नियमानं.

पुढचे तीन आठवडे मी फार खुशीत होतो. परदेशात क्लायंटकडे वर्षभर जायच्या यादीत माझा नंबर लागला होता. मी जाकीटही आणलं. वेलचेरीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, पंखा पाचवर ठेवून, मी ते जाकीट घालून आरशासमोर उभा राहिलो आणि आईला फोटो पाठवला. तिनं विचारलं, ताप आलाय का.

आणि एका मंगळवारी, जेवणानंतर, चौथ्या रॅकमधला तिसरा सर्व्हर बसला. बसला म्हणजे गेलाच. त्यावर एका आख्ख्या टीमचं काम होतं आणि बॅकअप आठवडाभर जुना. आधी विश्वासच बसेना, कारण एका डिस्कनं असं होत नाही. मग नोंदी काढल्या तेव्हा कळलं, की आठव्या डिस्कनं आज मान टाकली होती, पण पाचवी पूजेनंतर चौथ्याच दिवशी गेली होती. अठरा-एकोणीस दिवस ती मेलेली डिस्क पिवळा दिवा लावून बसली होती. मी धावत जाऊन समोर उभा राहिलो. पाचव्या डिस्कवर दिवा नव्हताच, चंदनाचा वाळलेला गोळा होता आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा. नखानं खरवडला तर आतून पिवळा उजेड आला.

बुधवारी सकाळी मीटिंग. असल्या मीटिंगचं नाव 'मूळ कारण शोधणं' असतं, पण बसल्या क्षणी प्रत्येकाला एवढंच शोधायचं असतं, की खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं. शिट्टी कुणी बंद केली, हे कुणी विचारलं नाही, कारण ज्यांनी केली ते खुर्चीत बसून प्रश्न विचारत होते. ईमेलचं निघालं तेव्हा आम्ही सहाजण टेबलाच्या लाकडाची नक्षी बघायला लागलो. मग मॅनेजर म्हणाले, "रोज दोनदा राउंड कोण करतं?"

काका भिंतीशी उभे होते. कंत्राटी माणसाला खुर्ची द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

"मी," ते म्हणाले.

"तीन आठवडे तुम्हाला एक दिवा दिसला नाही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी मूग गिळून बसलो होतो. लाज वाटली का? वाटली. पण डोळ्यांसमोर ते जाकीटही होतं. काकांचं कंत्राट महिन्याअखेर संपत होतं आणि मॅनेजरांनी एक शब्द टाकला नाही तर त्यांना पुन्हा कुणी उभं करणार नव्हतं, ह्या वयात तर नाहीच. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"रजिस्टर आणा," मॅनेजर म्हणाले. काकांनी आणलं. मॅनेजरांनी ते उघडलं आणि ती बाळबोध अक्षरं बघून भुवया चढवल्या. "ही कुठली भाषा? हिंदी?"

"मराठी," मी म्हणालो.

"मग तूच उद्यापर्यंत भाषांतर करून दे. कंत्राटदारानं राउंड नीट केले नाहीत, एवढं त्यातून निघालं की पुरे."

म्हणजे बघा! त्या सहा मजली इमारतीत तो कागद वाचू शकणारा दुसरा माणूस नव्हता. काकांचं सगळं भवितव्य माझ्या भाषांतरावर, आणि माझंही माझ्याच. मी म्हणेन ते त्यात लिहिलेलं असणार होतं. मी रजिस्टर उचलून कॅन्टीनच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. मनात म्हटलं, रोज 'सर्व दिवे हिरवे' असं लिहिलेलं असेल, तेवढंच भाषांतर करायचं, आपण कुठे खोटं बोलतोय?

पूजेनंतरचं पहिलं पान उघडलं.

'रॅक चार, यंत्र तीन, डिस्क पांच. दिव्यावर गंध आहे. दिवा दिसत नाहीं. गंध कोणीं लाविलें तें ठाऊक नाहीं. पुसूं काय?'

खाली माझी सही. झोकदार, शेवटी शेपूट असलेली.

दुसऱ्या दिवशी तेच. 'पुसूं काय?' खाली माझी सही. तिसऱ्या दिवशी तेच. ज्या दिवशी डिस्क मेली त्या दिवशीही, 'दिवा दिसत नाहीं. पुसूं काय?' कामाचे जेवढे दिवस तेवढ्या वेळा त्या माणसानं नियमानं परवानगी मागितली होती, आणि तेवढ्या वेळा मी परवानगीच्या जागी नुसती शेपटी काढून बस पकडली होती. पोंगल, म्हणजे इकडची मुगाची खिचडी, समोर गार होऊन घट्ट बसला. मी मागची पानं चाळली, मागच्या वर्षीचीही. पंख्याचा आवाज, सैल झालेली वायर, जाळीखाली उंदराची लेंडी, एका ठिकाणी 'आज गारठा फार, तुम्हीं स्वेटर घालावा'. हे सगळं मला लिहिलेलं होतं! दुसरं कुणाला लिहिणार? मी कपाळावर हात मारून घेतला.

काका जिन्यापाशी डबा धूत होते. मी रजिस्टर घेऊन तसाच गेलो.

"काका, तुम्ही मीटिंगमध्ये बोलला का नाहीत? रोज लिहिलंय तुम्ही! दाखवायचं ना तोंडावर!"

"खालीं तुमची सही होती," ते म्हणाले. "तुम्हीच वाचाल म्हणून थांबलों."

"आणि हे काय लिहिलंय? कोणी लावलं ते ठाऊक नाही? तुम्ही मागे ताट धरून उभे होता की!"

त्यांनी डब्याचं झाकण पुसलं, आतून, बाहेरून, कडेनं. मग म्हणाले, "होतों."

"मग?"

"तुम्हीं मराठी वाचणारे एकटे. तुमचें नांव तुमच्याच पुढें काय लिहावें?" आणि मग मात्र आवाज चढला. तेवढा चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. "पण तुम्हीं वाचलेंत कोठें! मी वेडा, घरीं जाऊन बायकोस सांगत होतों, आमचे साहेब रोज सही करतात, आमची मराठी वाचतात!"

त्या रजिस्टरात इतक्या वर्षांत एक दिवा चुकीचा लिहिलेला नव्हता. एकच खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी होतं.

गुरुवारी सकाळी मी मॅनेजरांसमोर भाषांतर ठेवलं. ओळीला ओळ. खाली स्वतःच्या हातानं वाढवलं होतं, की गंध मी लावलं, काकांनी नको म्हटलं असताना लावलं, आणि सगळ्या सह्या न वाचता मी केल्या. मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं.

"वेडा आहेस का? क्लायंटला काय सांगू? सर्व्हरला कुंकू लावलं म्हणून गेला?"

"खरं तेच आहे, सर."

"खरं असेल. पण ते बाहेर पाठवता येत नाही. त्यापेक्षा राउंडवर टाकलेलं बरं, ते त्यांना समजतं."

"राउंडवर टाकलंत तर मी हे रजिस्टर आणि त्यांनी परवानगी मागितलेलं प्रत्येक पान वरपर्यंत पाठवीन," मी म्हणालो. "आणि शिट्टी कधी बंद झाली, तेही रजिस्टरात आहे. काकांनी त्याही दिवशी लिहिलंय."

हे खरं होतं. तारीख, वेळ, 'साहेबांच्या सांगण्यावरून'. शेवटी जो अहवाल गेला, त्यात कारण असं होतं: निर्देशक दिव्यावर बाह्य पदार्थ आढळला, आणि संबंधित इंजिनिअरनं सूचनांकडे दुर्लक्ष केलं. संबंधित इंजिनिअर मी. बाह्य पदार्थ देवाचा. शिट्टी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाली.

काकांचं कंत्राट वाढलं. माझं नाव परदेशच्या यादीतून गेलं, आणि माझ्या जागी जो गेला त्यानं तिथून बर्फातला फोटो पाठवला. बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू? जाकीट वाया गेलं नाही मात्र. मी ते सर्व्हर रूममध्ये घालतो. काकांना फार आवडतं, ते म्हणतात, गारठ्याचें मी पूर्वींच लिहिलें होतें.

ते माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले, तेही इंग्रजीत. रजिस्टरातले शेरेही इंग्रजीत गेले. ती शिक्षा मला परदेशापेक्षा जड गेली. मी रोज साडेचारला त्यांच्यासमोर उभा राहून शेरा मोठ्यानं वाचायचो, मग सही करायचो. 'All lamps green', सही. मग मागचे न वाचलेले शेरे वाचत बसायचो आणि पाचची बस रोज चुकायची. मग कधीतरी एका दुपारी रकान्यात पुन्हा काने, मात्रा, अनुस्वार दिसले. मी वाचताना अडखळलो, तर त्यांनी उच्चार सुधारून दिला.

यंदाच्या पूजेला मी शहाण्यासारखा मागे, ताट धरून उभा होतो. काकांनी गंधाची वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"लावा."

"नको काका, तुम्हीच."

"लावा म्हणतों. मी बघतों."

मी एकेका रॅकच्या चौकटीला, वरच्या कोपऱ्यात, लहानसा ठिपका लावत गेलो. चौथ्या रॅकपाशी बोटावरचं जास्तीचं गंध आधी वाटीच्या काठाला पुसलं. काका दोन पावलं मागे उभे होते. चारला त्यांनी नेहमीसारखी फेरी मारली, रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं आणि रकान्याखाली बोट धरून थांबले. मी मोठ्यानं वाचलं.

'सर्व दिवे दिसतात. गंध दाराला लाविलें. साहेबांनीं लाविलें. मी पाहिलें.'